मधलं वलय

रोह्याकडे जाणारी सकाळची गाडी कासूला थांबते तेव्हा वैशाखातसुद्धा खाडीवरून थोडा वारा येत असतो. त्या वाऱ्याकडे तोंड करून, मांडीवर डबा घेऊन खिडकीशी बसलेली चंद्रावती ज्यांनी त्या वर्षांत पाहिली असेल, त्यांना वाटायचं मास्तरीणबाईंची झोप झालेली नाही. झोप कसली! बाई टक्क जागी असायची, फक्त गाडीत नसायची. डोळे उघडे ठेवून ती इतकी लांब गेलेली असायची की तिकीट तपासनीसाला दोनदा हाक मारावी लागे, आणि एकदा तर ती रोह्याला उतरायचंच विसरली. ती गाडी रोह्यालाच संपते म्हणून बरं, नाहीतर बाई थेट गोव्याला जाऊन पोचली असती.

चंद्रावती रोह्यातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. घर कासूपासून खाडीच्या अंगाला, बांधाबांधानं चालत गेलं की लागणाऱ्या एका आगरी गावात. बाप जनू मिठागरावर राबणारा, आई इंदुबाई त्याच मिठागरावर, आणि भाऊ धनेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. इथवर सगळं चारचौघांसारखं. पण दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाकीच्या शिक्षिका माहेरी जायच्या, तेव्हा ही पेणहून खोपोलीमार्गे एसटीनं पुणं गाठायची. तिथल्या एका संस्थेत तिनं पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय ऐकून स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं कपाळाला हात लावला होता. आकाशात दीर्घिकांचे थवे असतात म्हणे, त्या थव्यांतल्या वायूला ताप किती चढलाय ते मोजायचं. तेव्हापासून गावभर झालं की जनूची पोर आभाळाला थर्मामीटर लावते.

हसा खुशाल! खरं तेच होतं.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. तशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं एका जागी जमलेल्या असतात. त्यांच्यामधली जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तिथं वायू भरलेला असतो, विरळात विरळ, आणि कोट्यवधी अंशांनी तापलेला. इतका तापलेला की आपल्या डोळ्यांना दिसेल असला उजेड तो देतच नाही. तो क्ष-किरणांत उजळतो. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात ना, तेच किरण. ते आपल्या हवेतून खाली उतरत नाहीत, म्हणून टिपायला वर उपग्रह लागतो. जपानच्या एका उपग्रहानं टिपलेले किरण टेपवर भरून पुण्याला यायचे आणि चंद्रावती संगणकापुढे बसून कुठला किरण केवढ्या जोराचा आहे ते बघायची. जोरकस किरण पुष्कळ असले की ताप जास्त, मवाळांचीच भरती असली की कमी. त्यातच एका ठरावीक जागी आलेखाला उंचवटा यायचा. तो लोखंडाचा. त्या वायूत लोखंडाची वाफ मिसळलेली असते, आणि तिच्या उंचवट्यावरूनही तापाचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं तिच्या घरात एकट्या इंदुबाईनं नीट ऐकून घेतलं होतं. चुलीपुढे बसून तिनं विचारलं होतं की तिथं लोखंड हाय हे तुला हितं बसून कसं कळतं? चंद्रावतीनं डब्यातलं चिमूटभर मीठ घेऊन जाळात टाकलं. ज्वाळ पिवळीधमक झाली. मीठ जाळात गेलं की आपल्या रंगानं नाव सांगतं, तसंच लोखंड आपल्या किरणानं सांगतं, असं तिनं समजावलं. इंदुबाईला हे फार आवडलं. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर जाळ पिवळा होतो तो दृष्ट जळाल्यामुळं, असं ती जन्मभर समजत आली होती. आता दोन्ही कारणं तिनं शेजारी शेजारी ठेवली आणि एकाला दुसऱ्याची अडचण होऊ दिली नाही.

मग तिनं आणखी एक विचारलं. तिथं हात घातला तर भाजंल व्हय? चंद्रावती म्हणाली नाही, तो वायू इतका विरळ की हाताला लागायचाच नाही, उलट गारठून जाशील. इंदुबाई भाकरी थापता थापता थांबली. एवढा ताप असून जवळ बसणाऱ्याला ऊब नाय, तर मग त्या तापाचा उपयोग काय, असं ती म्हणाली आणि खळखळून हसली. तिचं हसणं गावात प्रसिद्ध होतं. मिठागरावर बायका मिठाच्या पाट्या वाहून थकल्या की म्हणायच्या, इंदूला जरा हसव गो कुणीतरी.

संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर चंद्रावती मिठागराच्या बांधावर बसायची. वाफ्यांत पाणी निवांत पडलेलं असायचं, त्यात अख्खं आभाळ उतरलेलं. मावळतीचा तांबूस रंग पाण्यावरून सरकत सरकत जाई आणि मग एकेक चांदणी वाफ्यात उमटे. तिला वाटे, आपण जे मोजतोय तेही असंच पसरलेलं असणार, किनारा नसलेलं, कुणालाही न दिसणारं, आपल्याच उबेत डुलणारं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथून एक किरण निघाला. तेव्हा ही खाडी नव्हती, हे मीठ नव्हतं, माणूस नावाचा प्राणीच नव्हता. तो चालत राहिला आणि शेवटी कुणाच्या पदरात पडला, तर जनू आगऱ्याच्या पोरीच्या. या विचारानं तिला गुंगी यायची. मागून आईची हाक यायची, पुन्हा यायची, आणि मग आई स्वतःच चहाचा कप घेऊन बांधावर यायची. त्या वर्षी ती यायची तेव्हा तिला धाप लागलेली असायची. कप देऊन ती खाली बसायची आणि म्हणायची, जरा टेकते. चंद्रावती चहा प्यायची आणि आभाळाकडे बघायची.

त्या साली, म्हणजे सत्त्याण्णव साली, जूनमध्ये संस्थेत तिच्या कामाची परीक्षा होणार होती. परीक्षा म्हणजे पेपर नव्हे. एका थव्याचा ताप तिनं दोन वर्षं खपून मोजला होता, तो चार जाणत्यांपुढे मांडायचा आणि ते विचारतील त्याला उत्तर द्यायचं. त्यांना पटलं तर कॉलेजातून तीन वर्षांची रजा मिळणार होती, पुण्यात राहून हेच काम करायला. नाही पटलं, तर कासू ते रोहा, रोहा ते कासू, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या. त्यात वाईट काय होतं? काही नाही. चांगली नोकरी होती, पोरं जीव लावायची. पण ज्याचं मन एकदा तसल्या ठिकाणी जाऊन आलं, त्याला सह्या करताना काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. चंद्रावतीचा जीव टांगणीला लागला होता.

आणि अडलं होतं ते बरोब्बर मध्यभागी.

थव्याचं चित्र घेऊन त्याची वलयं पाडायची असतात, मधलं एक, त्याच्याभोवती दुसरं, त्याच्याभोवती तिसरं. प्रत्येक वलयाचा ताप वेगळा काढायचा. बाहेरची वलयं शहाण्यासारखी वागत होती. मधलं मात्र ऐकेना. सगळ्यांत जास्त उजळ, सगळ्यांत दाट वायूचं, आणि ताप बघावा तर बाहेरच्यांच्या निम्मा! चंद्रावतीनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. उत्तर हलेना.

इथं जनूचं मिठागर मध्ये आलं.

मीठ पिकवायचं म्हणजे भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं आणि आधी एका मोठ्या तळ्यात उन्हात तापत ठेवायचं. त्या तळ्याला तापवणी म्हणतात. पाणी तिथं आटून जड झालं की पुढच्या लहान वाफ्यांत सोडायचं, तिथं ते मीठ धरतं. चंद्रावती लहान असताना एकदा ऐन हंगामात अवकाळी सर येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर जनूनं तिला तापवणीच्या काठावर वाकवून तिचा हात पाण्यात घातला. वरचं पाणी गार. त्यानं हात आणखी खाली दाबला, आणि तळाशी बोटांना चटका बसावा इतकं पाणी गरम. जड पाणी खाली, ते वर येत नाही, त्याची ऊब त्याच्यापाशी राहते. वरचं ते पावसाचं गोडं पाणी, पाहुणं. जनूनं बांधातली फळी जराशी खाली केली आणि वरचं पाणी हळूच खाडीत सोडून दिलं. खालचं जड, गरम पाणी जागेवर राहिलं. तेव्हा तो म्हणाला होता, "ध्यानात ठेव. दाट ते गरम. गार ते उपरं, ते काढून टाकायचं."

जन्मभर या माणसानं या दोन वाक्यांवर मीठ पिकवलं होतं आणि ती कधी खोटी ठरली नव्हती. मग लेकीनं ती खरी मानली तर तिला नावं कशाला ठेवा? मधल्या वलयात वायू दाट, मग तो गरमच असला पाहिजे. गार दिसतंय ते उपरं. उपग्रहावरचा किरण गोळा करणारा आरसा थोडं पसरट दाखवायचा, आणि आपल्या आकाशगंगेतूनही मवाळ किरण मध्ये लुडबुडतात, त्यांचंच काहीतरी वर साचलं असणार. पुस्तकात तिनं याच्या उलट वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचलेलं डोक्यात असतं आणि बापानं हाताला दाखवलेलं हातात असतं. डोकं आणि हात भांडले की बहुतेक माणसं हाताचं ऐकतात. तिनं फळी खाली केली. मधलं वलय काढून टाकलं आणि बाकीच्यांचा सुरेख आलेख काढला.

इकडे घरात त्या वैशाखात एक विचित्र गोष्ट चालली होती, आणि ती दिसत सगळ्यांना होती. इंदुबाई चुलीजवळून हलत नव्हती. बाहेर अंगाची काहिली होत असताना ती जाळापुढे हात शेकत बसायची. जनू चेष्टा करायचा की म्हातारीला हिमालयात ठेवून आलो तरी चालेल, चूल तेवढी बरोबर दिली पाहिजे. तीही हसायची. धनेश रात्रपाळी करून सकाळी यायचा तेव्हा त्याला गरम जेवण, चंद्रावतीचा डबा त्याच्याआधी, जनूची न्याहारी मिठागरावर, आणि मग स्वतः पाट्या वाहायला. मधेच ती बांधावर टेकायची, कधी वाफ्यातलं मिठाचं ढेकूळ उचलून चघळायची, आणि कुणी विचारलं तर एखादी गंमत सांगून विचारणाऱ्यालाच हसवून वाटेला लावायची. तोंडावरचं तेज बघून कुणाला शंका यावी कशी? घरातली सगळ्यांत उजळ जागा तीच. दिव्याखाली अंधार असतो हे म्हणायला ठीक असतं, वाकून बघतो कोण?

त्या सुट्टीत कॉलेजात जादा वर्ग होते, ते संपवून मे अखेरीस चंद्रावती पुण्याला गेली. निघताना आईनं वेशीपर्यंत यायचा हट्ट धरला आणि अर्ध्या वाटेतच थांबली, म्हणाली जा तू, मी हितनं बघते. एसटी खोपोलीचा घाट चढत असताना चंद्रावतीला डुलकी लागली. तिला दिसलं की ती तापवणीत उतरली आहे, पाणी कमरेपर्यंत, आणि पाण्यात तळ नाहीच, खाली नुसत्या दीर्घिका लुकलुकताहेत. ती मध्यभागाकडे चालली आहे. पाणी जास्त जास्त उजळ होत चाललंय आणि पायांना गार लागतंय. कुणीतरी मध्ये बसलंय. ती हाक मारणार तेवढ्यात कंडक्टरनं लोणावळा ओरडून सांगितलं आणि सगळं विरघळून गेलं.

संस्थेत तिच्या मार्गदर्शक होत्या वैशाली मॅडम. बाई बोलायला मऊ, पण नजर अशी की कागदावरचा खाडाखोडीचा डागही सुटायचा नाही. त्यांनी आलेख हातात घेतला, छान आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं की सगळी वलयं आहेत, मधलं कुठं गेलं? चंद्रावतीनं आरशाचं सांगितलं, लुडबुडणाऱ्या किरणांचं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "त्यात चूक सापडली म्हणून काढलंस, की गार निघालं म्हणून काढलंस?"

खरं उत्तर एकच होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं. शेवटी तिनं तापवणीची सगळी गोष्ट सांगून टाकली, बापानं हात दाबला होता तिथपासून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना ती गोष्ट आवडली, आणि बापाचं खरंच आहे म्हणाल्या, तळ्यात जड पाणी आपली ऊब दाबून ठेवतं, बाहेर जाऊच देत नाही. इथं तसं नाही. इथं तो वायू आपली ऊब लपवू शकत नाही.

"मध्यभागी दाटी जास्त," त्या म्हणाल्या, "म्हणून कणांच्या टकरा जास्त, म्हणून उजेड जास्त. तो उजेड काय फुकट येतो? स्वतःची ऊब देऊन येतो. जो सगळ्यांत जास्त उजळतो ना चंद्रावती, तो सगळ्यांच्या आधी निवतो. आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय तेज आहे!"

मग दोघींनी मिळून आरशाचा पसरटपणा वजा केला, लुडबुडे किरण वजा केले, सगळं उपरं खरोखरच काढून टाकलं. मधलं वलय गार ते गारच राहिलं. त्या थव्याचं ते खरं रूप होतं. आणि तिथं लोखंडाचा उंचवटा इतर वलयांपेक्षा ठसठशीत निघाला.

चार जाणत्यांपुढे चंद्रावती उभी राहिली तेव्हा तिनं आधी स्वतःची चूक सांगितली आणि मग आकडे मांडले. त्यांनी पुष्कळ उलटसुलट विचारलं. ती एकेकाला आकडे दाखवत गेली. संध्याकाळपर्यंत तिला कळलं की काम पटलं, रजेची शिफारस जाणार. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की आपण तिथं जाऊन खरोखर काहीतरी शिवून आलो.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि सवयीप्रमाणे लांब निघून गेली. मॅडमचं वाक्य मनात घोळवत होती, एखादा गोड पदार्थ तोंडात घोळवावा तसं. जो सगळ्यांत जास्त उजळतो, तो सगळ्यांच्या आधी निवतो. घाट उतरला. खोपोली गेलं. काय तेज आहे, काय तेज आहे. आणि पेण जवळ येत असताना, कुठल्याशा वळणावर, ते वाक्य आपोआप आभाळातून उतरलं आणि थेट त्यांच्या चुलीपुढे जाऊन बसलं. वैशाखात जाळापुढे धरलेले दोन हात तिला दिसले. बांधावरची धाप ऐकू आली. जरा टेकते. मी हितनं बघते.

घरी पोचली तर इंदुबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दारातच उभी. पोर चार मोठ्या माणसांपुढे बोलून आली, दृष्ट लागली असणार. तिनं मूठ तीनदा ओवाळली, पुटपुटली, आणि रीतीप्रमाणे लेकीच्या कपाळावरून बोटं उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. ती बोटं कपाळाला लागली तेव्हा चंद्रावती दचकली. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या आणि आईची बोटं माठातल्या पाण्यासारखी. इंदुबाई चुलीत मूठ टाकायला वळणार, तेवढ्यात चंद्रावतीनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"आये, हात एवढे गार कधीपासून?"

"मिठातले हात," इंदुबाई म्हणाली. "गारच असायचे. सोड गो, मोहऱ्या सांडतील."

चंद्रावतीनं हात उजेडाकडे नेला. नखं पांढरी. तळव्यावरच्या रेघांत रंग नाही. खालची पापणी ओढून पाहिली, तिथंही नाही. ज्या पोरीनं कोट्यवधी वर्षं जुना उजेड निरखून निरखून पाहिला होता, तिनं आईचा तळवा इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. इंदुबाईला वाटलं पुण्याला काहीतरी बिनसलं. रजा मिळाली नाय तर नाय, जीव का जाळतेस, अशी तीच लेकीची समजूत घालत बसली.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती तिला पेणला घेऊन गेली. मी आजारी कुठं हाय, असं वडखळपर्यंत म्हणणारी बाई पुढं गप्प झाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. पेणच्या गल्ल्यांत गणपतींच्या मूर्ती ओळीनं वाळत होत्या, अजून रंग न चढलेल्या, पांढऱ्या. त्यांच्यामधून चालताना इंदुबाई दोनदा थांबली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि कागद बघून चष्मा काढला. एवढ्याशा रक्तावर ही बाई पाट्या कशा वाहत होती, असं त्यांनी विचारलं. चंद्रावतीला त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की आईच्या अंगात लोह उरलेलंच नाही, कितीतरी वर्षं थोडं थोडं जात आलंय, आणखी महिना-दोन महिने असंच चाललं असतं तर हृदय थकून बंद पडलं असतं. ते गार हात, ती धाप, ते मिठाचं ढेकूळ चघळणं, सगळं त्यातलंच.

लोह! चंद्रावतीनं तो शब्द ऐकला आणि मान खाली घातली. दोन वर्षं ती दुसरं काय मोजत होती?

इंदुबाईला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. घरी आल्यावर चुलीचं राज्य तिच्या हातून काढून घेण्यात आलं, आणि तो प्रसंग बघण्यासारखा होता. रात्रपाळीहून आलेला धनेश भात करायला शिकला, तो पहिला महिनाभर खिमट व्हायचा. जनूनं न्याहारी स्वतः बांधून न्यायला सुरुवात केली. एकदाच संध्याकाळी तापवणीच्या काठाशी उभा राहून म्हणाला की जल्मभर पाण्यात हात घालून बघत व्हतो, घरात कंदी घातला नाय. चंद्रावतीनं रजेवर जायचं दिवाळीपर्यंत पुढं ढकललं. मॅडमना कळवलं, त्या म्हणाल्या थवा कुठं पळून जात नाही. आणि रोज गाडीतून उतरून घरी आली की ती आधी आईचा हात हातात घ्यायची. इंदुबाई चिडायची, मी काय तुझा उपग्रह हाय का म्हणायची, पण हात काढून घ्यायची नाही. पाऊस सरत आला तशी त्या हाताला आस्ते आस्ते ऊब यायला लागली.

गणपती येऊन गेले. एका संध्याकाळी दोघी बांधावर बसल्या होत्या. मिठागर पावसाच्या पाण्याखाली निजलेलं, सगळीकडे नुसतं आभाळ. यावेळी चहा चंद्रावतीनं आणला होता. पुण्याहून तिच्या कामाचा छापील कागद आला होता, तो तिनं आईपुढे धरला. इंदुबाईला अक्षर येत नव्हतं, पण आलेखाकडे ती कौतुकानं बघत राहिली. ठिपके ओळीनं वर, आणि डाव्या टोकाला एक ठिपका एकटाच खाली.

"ह्यो कोण खाली बसलाय?"

"तो मधला," चंद्रावती म्हणाली. "सगळ्यांत जास्त उजेड त्याचा. देऊन देऊन गार पडलाय."

इंदुबाईनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. चंद्रावतीनं मग सगळं सांगितलं, की तो गार निघाला म्हणून तिनं आधी काढूनच टाकला होता, बाकीच्या ठिपक्यांचा आलेख त्याच्याशिवायही चांगला दिसत होता.

"काढून टाकला व्हता," इंदुबाई म्हणाली. "आन् कुणाला कळलं नाय?"

"मॅडमनी विचारलं तोवर नाय कळलं."

इंदुबाईचं बोट अजून तिथंच होतं. ती हसली, पण ते नेहमीचं, सगळ्यांना हसवणारं हसणं नव्हतं. ते तिचं एकटीचं होतं.

"व्हय गो," ती म्हणाली. "नाय कळत कुणाला."

चंद्रावतीनं कागद खाली ठेवला आणि आईचा हात दोन्ही हातांत घेतला. अंधार पडेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. घराकडून धनेश ओरडून विचारत होता की भातात पाणी किती घालू, आणि त्या दिवशी इंदुबाईनं उत्तर दिलं नाही.